पत्रिकेमागचा नकाशा

लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला पूर्वी एक छोटा चौकोनी नकाशा छापलेला असे. एसटी स्टँड, पेट्रोल पंप, मारुतीचं देऊळ, पुढे एक वळण आणि शेवटी ठळक चांदणी काढून ‘कार्यालय’. त्याला प्रमाण नसे, उत्तर कुठे आणि दक्षिण कुठे याचा पत्ता नसे. स्टँड ते देऊळ हे दोन किलोमीटर अर्ध्या इंचात उरकलेले आणि देवळापासून कार्यालयापर्यंतची पन्नास पावलंही अर्धा इंचच. भूगोलाच्या सरांनी भोपळा दिला असता. तरीही वऱ्हाड मुहूर्ताच्या आत पोहोचायचं. ज्याने तो काढला त्याला परगावच्या पाहुण्याची अडचण नेमकी ठाऊक होती: देवळापाशी दोन रस्ते फुटतात आणि निम्मी माणसं तिथेच चुकतात. म्हणून देऊळ कार्यालयापेक्षाही मोठं काढलेलं.

आता तिथे क्यूआर कोड असतो. फोन समोर धरला की सबंध पृथ्वीचा नकाशा उघडतो. त्यात एटीएम असतात, दाताचे दवाखाने असतात, तीन सलून आणि बंद पडलेलं एक हॉटेलही असतं. नसतं ते एवढंच, की गाडी कुठल्या मैदानात लावायची आणि गुडघे दुखणाऱ्या आत्याला पायऱ्या न चढता आत कुठून न्यायचं.

ते त्यात घालता येतं. ऑनलाइन नकाशावर आपला स्वतःचा नकाशा चढवण्याची सोय बरीच जुनी आहे; गुगलने ‘माय मॅप्स’ २००७ मध्ये आणलं. ओपनस्ट्रीटमॅप या कोणीही भर घालू शकेल अशा खुल्या नकाशाच्या पायावर उभं असलेलं ‘यूमॅप’ही आहे, तेही फुकट. पण ही सोय बहुतेकांच्या फोनमध्ये नुसती पडून असते. रस्ता विचारायला आपण नकाशा रोज उघडतो. त्याला काही सांगायचं मात्र आपल्याला सुचत नाही.

सांगायचं काय, हे आधी ठरवावं लागतं. या बाबतीत अजून मागे टाकता आला नाही असा एक कागदी नकाशा आहे. १८५४ च्या ऑगस्टअखेर लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ फुटली आणि त्या छोट्याशा वस्तीत सहाशेहून जास्त माणसं गेली. डॉ. जॉन स्नो यांनी त्या भागाच्या नकाशावर दर मृत्यूमागे एक काळी रेघ काढली. एका घरात चार माणसं गेली असतील तर त्या दारासमोर चार रेघा, विटा रचाव्यात तशा एकावर एक. शिवाय पाण्याचे सार्वजनिक पंप. बाकी जवळजवळ काही नाही. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती रेघांची दाटी झालेली दिसते, आणि ८ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढला गेला.

ही गोष्ट सांगताना हमखास एक गफलत होते. स्नो यांनी नकाशा काढला, त्यात पंप सापडला आणि साथ थांबली, असं ते झालेलं नाही. कॉलरा पाण्यातून पसरतो हे ते १८४९ पासून मांडत होते. दांडा निघाला तेव्हा साथ आधीच उतरणीला लागली होती, कारण बरेच रहिवासी वस्ती सोडून पळाले होते. नकाशा छापला गेला तो त्यानंतर, न ऐकणाऱ्यांना पटवण्यासाठी. त्यातल्या रेघांइतक्याच रिकाम्या जागा बोलक्या आहेत. पंपाजवळच्या दारूभट्टीतले कामगार बचावले, ते पाण्याऐवजी बिअर पीत. जवळच्याच निराधार गरिबांच्या वर्कहाउसमध्ये मृत्यू तुरळक. तिथे स्वतःची विहीर होती.

मला त्याहून आवडते ती त्यांनी पुढे केलेली एक सुधारणा. ब्रॉड स्ट्रीटचा पंप कोणाकोणाला जवळ पडतो, याची हद्द त्यांनी दुसऱ्या नकाशावर आखली, आणि ती सरळ पट्टी ठेवून आखली नाही. गल्ल्याबोळांतून चालत जायला कुठला पंप जवळ, यावर आखली. आजही हौशी नकाशाकार शाळेभोवती किंवा दवाखान्याभोवती कंपासने एक किलोमीटरचं वर्तुळ मारतात आणि ‘एवढ्या लोकांना सोय झाली’ म्हणतात. मुंबईत रेल्वेरुळांच्या पश्चिमेला राहणाऱ्याला पूर्वेचा दवाखाना खिडकीतून दिसतो. तिथे जायला मात्र पूल चढून-उतरून वीस मिनिटं जातात. हवाई अंतर कावळ्यांच्या कामाचं.

स्नो यांना रेघा हाताने काढाव्या लागल्या. संगणकावर हेच काम सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं ते २००५ मध्ये, आणि तेही काहीसं मागच्या दाराने. त्या वर्षी फेब्रुवारीत गुगलचे नकाशे सुरू झाले. पॉल राडेमाकर नावाचा एक प्रोग्रामर घर शोधत होता. क्रेगलिस्ट या संकेतस्थळावरच्या भाड्याच्या घरांच्या जाहिराती एकीकडे आणि पत्ते नकाशावर शोधायचे दुसरीकडे, याला तो कंटाळला. त्याने त्या नकाशाची आतली रचना उलगडली आणि जाहिराती थेट त्यावर टाचण्या म्हणून टोचल्या. परवानगी वगैरे काही नाही. मे महिन्यात एड्रियन होलोवाटी या पत्रकाराने शिकागो पोलिसांच्या गुन्ह्यांच्या नोंदी तशाच मांडल्या. आपल्या चौकात काय घडलं हे लोकांना चौकासकट दिसलं. कंपनीने खटला भरला नाही. जूनमध्ये तिने नकाशा वापरण्याची अधिकृत वाट सगळ्यांना खुली केली आणि राडेमाकरला नंतर नोकरीही दिली.

एवढ्या अवाढव्य नकाशावर आपण कसं लिहू शकतो, तो बिघडत कसा नाही, असा प्रश्न मला एका निवृत्त शिक्षिकेने विचारला होता. उत्तर असं, की आपण त्यावर लिहीतच नाही. खालचा नकाशा ही फरसबंदी आहे. पूर्वापार मांडणीत २५६ बाय २५६ ठिपक्यांच्या चौकोनी फरशा असतात. सगळ्यात लांबून बघितलं तर अख्खी पृथ्वी एका फरशीत मावते. एक पायरी जवळ गेलं की चार फरशा, मग सोळा, मग चौसष्ट. अठराव्या पायरीवर ही संख्या ६,८७१ कोटींच्या वर जाते. फोन आपल्याला लागतात तेवढ्याच डझनभर फरशा मागवतो. आपलं लिखाण राहतं त्यावर अंथरलेल्या ट्रेसिंग पेपरवर. त्या पेपरला म्हणायचं लेअर. लेअरमध्ये तीनच प्रकारच्या वस्तू असतात: टिंब, रेघ आणि कुंपण घातल्यासारखा बंदिस्त आकार. विहीर हे टिंब, पाणंद ही रेघ, शेत हा आकार. सगळं गाव मांडलं तरी फाइल एखाद्या फोटोपेक्षा लहान होते आणि व्हॉट्सअॅपवरून जाते.

शेजारच्या काकांच्या दिंडीसाठी मी असा एक नकाशा केला होता, त्यात काय शिकलो ते सांगतो. माउलींच्या पालखीची वाट नकाशावर काढणं सोपं: आळंदी, पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी, पंढरपूर. मी मोठ्या उत्साहाने मुक्काम टाकले, विसावे टाकले, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण टाकलं, दिवे घाटाला वेगळा रंग दिला. काकांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, “अरे, वाट कोणाला ठाऊक नाही? पुढच्या माणसाच्या टाचा बघत गेलं की पंढरपूर येतं. आपला ट्रक कुठंय, ते सांगतो का हा?”

प्रश्न बिनतोड होता. दिंडीचा सामानाचा आणि स्वयंपाकाचा ट्रक पहाटेच पुढे जातो. तो कुणाच्या तरी रानात उभा राहतो, राहुट्या पडतात, पातेली चुलीवर चढतात. दिवसभर चालून संध्याकाळी पोहोचलेल्या माणसाला लाखोंच्या गर्दीतून ती एक जागा शोधायची असते. म्हातारी माणसं तिथेच हरवतात, वाटेत नाही. म्हणून मी घाट, रिंगण, सगळं सौंदर्य दुसऱ्या लेअरमध्ये टाकून बंद करून ठेवलं. पहिल्या लेअरमध्ये रोजचं एकच टिंब उरलं: ट्रक. ट्रकच्या ड्रायव्हरने जागेवर पोहोचून फोनवर ते टिंब सरकवायचं आणि खाली एक ओळ लिहायची, ‘पाण्याच्या टाकीमागे, निळी ताडपत्री’. दुसऱ्या दिवशी एका आजोबांच्या सांगण्यावरून टँकर आणि शौचालयांची टिंबं आली. डॉक्टरांचं टिंब तिसऱ्या दिवशी. यापलीकडे कोणी काही मागितलं नाही.

यातली एक फजिती माझी. ठिकाणांचे अक्षांश-रेखांश मी एक्सेलच्या दोन रकान्यांत भरले होते आणि फाइल चढवताना रकाने अदलाबदल झाले. नकाशा उघडतो तर महाराष्ट्र मोकळा. शोधत शोधत वर गेलो, तेव्हा नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंड नावाच्या बेटाजवळून आर्क्टिकच्या पाण्यातून वारी चाललेली. आळंदी समुद्रात, वाखरी समुद्रात. आपल्याकडे अक्षांश १८ च्या आणि रेखांश ७४ च्या आसपास. उलटे केले की हेच होतं. ही चूक नवशिक्याचीच आहे असं नाही. आपण बोलताना अक्षांश आधी म्हणतो आणि संगणकाच्या काही फाइलींत, उदाहरणार्थ जिओजेसनमध्ये, रेखांश आधी लिहायचा नियम आहे. आकड्यांचंही तसंच. दशांश चिन्हानंतर चार अंक ठेवले तर जागा साधारण अकरा मीटरपर्यंत नेमकी कळते. राहुटीला तेवढं पुरतं. दोनच अंक ठेवले तर किलोमीटरभराचा घोळ, म्हणजे भलत्याच दिंडीत जेवण.

दुसरी अडचण गर्दीची. लाखो फोन एका माळावर जमले की नेटवर्क मान टाकतं आणि ऑनलाइन नकाशा कोऱ्या चौकटी दाखवतो. यासाठी आपला लेअर केएमएल किंवा जीपीएक्स फाइल म्हणून उतरवून घ्यावा आणि ऑसमँड किंवा ऑरगॅनिक मॅप्ससारख्या ऑफलाइन अॅपमध्ये भरावा. सह्याद्रीत फिरणारे ट्रेकर हे कधीपासून करतात. ढाकच्या जंगलात रेंज कोणाला मिळते? काकांनी याहून सोपा उपाय काढला. नकाशाचा प्रिंट घेतला आणि लॅमिनेट करून विणेकऱ्यांच्या पिशवीत ठेवला.

एका दिंडीचा नकाशा एक माणूस करू शकतो. आपत्तीत हजारो माणसांनी एकच नकाशा भरायचा असतो, तेव्हा प्रश्न निराळा होतो. २००७ च्या डिसेंबरात केनियात निवडणुकीनंतर हिंसाचार उसळला. कुठे काय घडतंय याच्या बातम्या दाबल्या जात होत्या. तिथल्या काही ब्लॉगर आणि प्रोग्रामरांनी काही दिवसांत एक नकाशा उभा केला. लोकांनी एसएमएस किंवा ईमेलने कळवायचं आणि ते त्या त्या जागी उमटायचं. त्याचं नाव ‘उशाहिदी’, स्वाहिली भाषेत साक्ष. १२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला तेव्हा हीच साक्ष कामाला आली, पण तिथे मूळ फरसबंदीच नव्हती. राजधानी पोर्तोप्रिन्सच्या बहुतेक गल्ल्या कुठल्याच ऑनलाइन नकाशावर नव्हत्या. जगभरच्या स्वयंसेवकांनी घरी बसून ताज्या उपग्रहचित्रांवरून रस्ते गिरवले आणि ओपनस्ट्रीटमॅपवर चढवले. ढिगाऱ्याखालून येणारे क्रेओल भाषेतले एसएमएस परदेशी राहणाऱ्या हैतीच्या लोकांनी भाषांतर करून नकाशावर लावले. मदतपथकाला इंग्रजी येतं, अडकलेल्याला येत नाही. मधला दुवा हजारो मैलांवर रात्रपाळी करणारा भाचा किंवा पुतण्या.

चेन्नईत २०१५ च्या डिसेंबरातला पूर आला तेव्हा तिथल्या नकाशाकारांनी काम आणखी सोपं केलं. नकाशावर आपल्या गल्लीच्या रेघेवर बोट ठेवायचं, ती पाण्याखाली म्हणून रंगायची. लिहायचं काही नाही, नोंदणी नाही. मला यातली अक्कल फार आवडली. कमरेइतक्या पाण्यात उभ्या माणसाला फॉर्म भरायला लावू नये.

संकट ओसरल्यावरचे नकाशे चर्चेत येत नाहीत, पण बहुधा जास्त कामाचे ते असतात. पुण्याची शेल्टर असोसिएट्स ही संस्था पुणे, सांगली, कोल्हापूर अशा शहरांतल्या झोपडपट्ट्यांचे घरनिहाय नकाशे करते. शहराच्या विकास आराखड्यात अशी वस्ती पुष्कळदा एक राखाडी डाग असतो. त्या डागात घरं किती, बोळ कुठून जातो, गटाराची वाहिनी कुठपर्यंत आली आणि कुणाकडे शौचालय नाही, हे उपग्रहचित्र आणि घरोघरीची पाहणी एकमेकांवर ठेवून मांडलं की चर्चेचा सूरच बदलतो. ‘इथे शौचालयं बांधता येणार नाहीत’ हे वाक्य डागाबद्दल सहज बोलता येतं. वाहिनीपासून हाकेच्या अंतरावरच्या, क्रमांक दिलेल्या घराबद्दल बोलताना जीभ अडखळते.

नकाशा खोटंही बोलतो, आणि बिनदिक्कत. सगळ्यात प्रचलित फसवणूक रंगांची. महाराष्ट्राचे जिल्हे एखाद्या आकड्याप्रमाणे गडद-फिके रंगवले की डोळा आकडा वाचत नाही, क्षेत्रफळ वाचतो. गडचिरोली १४,४१२ चौरस किलोमीटर पसरलेला, २०११ च्या जनगणनेत सुमारे १०.७ लाख लोक. मुंबई उपनगर जिल्ह्यात त्याच वेळी ९३ लाखांच्या वर माणसं, पण नकाशावर तो टाचणीच्या टोकाएवढा. एकूण आकडा रंगवायचाच असेल तर रंगाऐवजी लहानमोठी वर्तुळं काढावीत, किंवा दर हजारी प्रमाण घ्यावं. निवडणुकीच्या रात्री टीव्हीवर हे पथ्य पाळलेलं मी अजून पाहिलेलं नाही. जगाचा पट मांडायचा असेल तर आणखी एक खोड लक्षात ठेवावी लागते. बहुतेक ऑनलाइन नकाशे मर्केटर या नकाशाकाराच्या १५६९ च्या पद्धतीवर बेतलेले असतात. त्यात ध्रुवांकडचे प्रदेश फुगतात. भारत ग्रीनलंडच्या दीडपट आहे हे पडद्यावर पाहून कोणालाही खरं वाटणार नाही. आणि भारताची बाह्य सीमा दाखवायची असेल तर ती सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणेच हवी. परदेशी साइटवरून आयती फाइल उचलली आणि शाळेच्या प्रदर्शनात लावली, तर तो कायद्याने गुन्हा ठरू शकतो.

याहून नाजूक गोष्ट म्हणजे काय दाखवू नये. स्ट्रावा हे धावणाऱ्यांचं अॅप. त्याने २०१७ मध्ये आपल्या सदस्यांच्या धावण्याच्या वाटा एकत्र करून जगाचा झगमगता नकाशा प्रसिद्ध केला. काही महिन्यांतच एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या लक्षात आलं, की अफगाणिस्तान आणि सीरियाच्या अंधाऱ्या वाळवंटात मध्येच आखीव चौकोन चमकत आहेत. ते लष्करी तळांभोवती सकाळी पळणारे सैनिक होते. कुणाचंही नाव दिलेलं नव्हतं, तरी सगळं उघडं पडलं. निसर्गनिरीक्षकांना हा धोका आधीच कळला होता: आयनॅचरलिस्टवर दुर्मीळ प्राण्याची किंवा ऑर्किडची नोंद केली की संकेतस्थळ खरी जागा झाकतं आणि आसपासच्या मोठ्या चौकोनात कुठेतरी टिंब टाकतं, नाहीतर शिकारी आणि तस्करांना आयती यादी मिळेल. आपल्या सोसायटीत ‘एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांचा नकाशा’ करायची सूचना कोणी सद्भावनेने केली, तर आधी हे आठवावं. माय मॅप्समधल्या शेअरिंगच्या खिडकीत ‘लिंक असलेला कोणीही’ असा एक पर्याय असतो. त्या ‘कोणीही’चा अर्थ खरोखर कोणीही असाच आहे.

इतकं सांगितल्यावर नकाशा म्हणजे गंभीर प्रकरण वाटेल, तसं नाही. ‘फॉलिंग फ्रूट’ नावाच्या नकाशावर जगभरचे लोक शहरातली अशी झाडं नोंदवतात ज्यांची फळं कोणीही वेचावीत. आपल्याकडे कोणत्या शाळेच्या आवारात जांभळं पडतात आणि कुठल्या बंगल्याबाहेरची चिंच गाभुळते, याचा नकाशा तिसरी-चौथीतल्या मुलांच्या डोक्यात तयारच असतो, फक्त उतरवायचा. मॉन्ट्रियलमध्ये २०१७ साली सुरू झालेल्या ‘क्विअरिंग द मॅप’वर लोक निनावीपणे आपल्या प्रेमाच्या आठवणी त्या त्या जागी ठेवून जातात: हा बसथांबा, हा जिना. कुणी कादंबरीतली ठिकाणं मांडतं, कुणी आवाजांचा नकाशा करतं.

मी पाहिलेला सगळ्यात विलक्षण नकाशा इंदापूर तालुक्यातून उठून पुण्यात आलेल्या एका कुटुंबाचा. त्यांचं जुनं गाव उजनी धरणाच्या पाण्यात गेलं. ऑनलाइन नकाशावर त्या जागी निळा रंग आहे, दुसरं काही नाही. नातीने आजीला विचारून गाव मांडायला घेतलं, पण आजीला अक्षांश कसले ठाऊक? ती म्हणायची, “वेशीतून आत आलं की डाव्या हाताला तेल्याचं घर.” वेसच पाण्याखाली. मग नातीला गुगल अर्थमधली जुन्या चित्रांची सरकपट्टी सापडली. उजनीचं पाणी दुष्काळात पार खाली जातं, पळसदेवचं पाण्यात गेलेलं देऊळ तेव्हा पायथ्यापर्यंत उघडं पडतं. तशाच एका कोरड्या उन्हाळ्याच्या उपग्रहचित्रात गाळातून जुन्या रस्त्याची फिकट रेघ दिसली, मग भिंतींचे चौकोन. आजीने पडद्यावर बोट टेकवलं आणि तिथून तिने गाव सांगायला सुरुवात केली.

आता त्या निळ्या रंगात एकोणचाळीस टिंबं आहेत. तेल्याचं घर, वेस, दोन विहिरी, आजीचं परसदार. एका टिंबाखाली लिहिलंय: ‘इथे म्हैस बांधायचो. तापट होती.’